सत्तेचाळीस नंबरचं झुडूप

नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली बॉम्ब फोडला की वरच्या झुडपांचं काय होतं, हे पाहायला सरकारने व्हर्नाबाईंना नेमलं होतं आणि त्यांची जीप चालवायला मला. प्रत्येक झुडपाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधलेला होता.

मंगळवारी स्फोट झाला आणि जमीन परातीसारखी खचली. चार दिवसांनी आम्हाला आत सोडलं. सत्तेचाळीस नंबरचं झुडूप पार तळाशी गेलं होतं, पण जसंच्या तसं उभं, वर पिवळी फुलंसुद्धा.

"बॉम्बला पुरून उरलं की हे," खोदकामाचा मुकादम लॉयल म्हणाला.

"घाई नको. मुळं तुटली असतील तर महिन्याभराने कळेल," बाई म्हणाल्या.

गोष्ट छावणीभर झाली. खोदकामवाले येऊन बघून गेले, साहेब लोक आले, खानावळीतले आचारीही आले. महिन्याने आम्ही गेलो तर बिल्ला एका बोडक्या खुंटाला लटकत होता.

"तुटली वाटतं मुळं," मी म्हणालो.

बाईंनी माती उकरली. मुळं ठणठणीत होती. मग त्यांचं लक्ष आमच्याबरोबर आलेल्या लॉयलच्या टोपीत खोचलेल्या डहाळीकडे गेलं.

"आठवण म्हणून घेतली, बाई," तो ओशाळून म्हणाला. "एकच. सगळ्यांनी एकेकच घेतली."

बाईंनी तक्ता उघडला. 'नुकसान कशामुळे' या रकान्यात तीन कारणं छापलेली होती: स्फोट, दुष्काळ, ससे.

त्यांनी खाली चौथं लिहिलं: कौतुक.