धक्क्याला लागली

बोटीचा नंबर टाकायचाच राहिला, हे अपेक्षाला एंटर दाबल्यावर कळलं.

कॉम्प्युटरवरची ती स्क्रिप्ट तिनंच लिहिलेली. सातपाटीत बोट धक्क्याला लागली, की मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसून तिनं स्क्रिप्टचं नाव आणि पुढे बोटीचा नंबर टाकायचा. मग क्वेरी डेटाबेसमध्ये, म्हणजे सोसायटीच्या बोटींच्या यादीत, जाऊन त्या बोटीपुढे 'आली' लिहायची आणि घरी मेसेज धाडायची. नंबर नसला तर सगळ्याच बोटी, असं तिनंच कधीतरी चाचणीपुरतं लिहून ठेवलेलं. पुसायचं राहिलं ते राहिलंच.

स्क्रीनवर 'आली' लागलेल्या बोटींचा आकडा उमटला. एवढ्या बोटी लावायच्या तर धक्का डहाणूपर्यंत न्यावा लागला असता.

मग गावभरचे फोन असे एकदम किणकिणले, की वलांडीवर वाळत टांगलेले बोंबीलसुद्धा दचकून वळले म्हणतात. बाया टोपल्या घेऊन धक्क्याकडे सुटल्या. अपेक्षा त्यांच्या मागे.

"एकपन बोट नाय!" रंभाबाईनं कमरेवर हात ठेवले. "काय गो, तुज्या कॉम्प्युटरला ताडी पाजलीस काय?"

"चुकला मावशी, माजाच चुकला. बोटी अजून दर्यात हायत. संध्याकाळी येतील."

बायांनी दोन शिव्या घातल्या, चार वेळा हसल्या आणि टोपल्या पालथ्या घालून त्यांवरच बसल्या. आलोच हाय तर बसू.

हसणं मधेच तुटलं. वाटेनं मंदाकाकी येत होती. नवं लुगडं, अंबाड्यावर अबोली, काखेत टोपली. अपेक्षा शाळेत होती तेव्हा मंदाकाकीच्या नवऱ्याची बोट वादळात गेली. ना बोट आली, ना माणूस. डेटाबेसमधून मात्र ती बोट कुणी काढली नव्हती.

अपेक्षा पुढे झाली. "काकी, तो मेसेज... माज्या हातून चुकून गेला."

"मना म्हाईत हाय."

"मग?"

मंदाकाकीनं पदर सारखा केला. "बोट लागली मनून निरोप आला, नि धक्क्यावर घरचा कोनी नाय. बरा दिसंल काय गो?"

रंभाबाई गुपचूप बाजूला सरकली. मंदाकाकी तिच्याशेजारी खाली दगडावरच बसली, समुद्राकडे तोंड करून.

बाकी सगळ्या टोपल्या पालथ्या. तिची तेवढी सुलटी.