गाऱ्हाणं

कर्मचाऱ्यांची निष्ठा साहेबाच्या कौशल्यातून जन्म घेते, हे वाक्य गुरुप्रसादने पुण्याच्या प्रशिक्षणात दोनदा अधोरेखित केलं होतं. तो रत्नागिरीच्या कॅनिंग कारखान्यात आपल्या व्यवस्थापकाच्या खुर्चीवर परतला, तेव्हा टेबलावर कामगारांचे अठरा राजीनामे होते आणि आंब्याचा हंगाम तोंडावर होता. मालक म्हणाले, "उद्या ही माणसं थांबली नाहीत, तर तुम्हीही थांबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पल्पच्या मशीनपुढे नारळ ठेवला, मालकांना बोलावलं आणि कामगारांतल्या सगळ्यांत जुन्या धाकूकाकांना देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे स्वतः कामगारांच्या रांगेत उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या कारखान्याची भरभराट कर!"

"व्हय म्हाराजा!"

"हितलं एकपण माणूस काम सोडून जायला नको!"

"व्हय म्हाराजा!" गुरुप्रसादला आता लय सापडली होती.

"आणि त्यासाठी आमच्या ह्या सायबांची लांब कुठंतरी बदली कर!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गुरुप्रसादचा होता.

दुपारी अठराही जणांनी राजीनामे परत घेतले. संध्याकाळी गुरुप्रसादची सावर्ड्याच्या गोदामावर बदली झाली. तिथे कर्मचारी नाहीत.