मोटरले हुकूम

सौंदडच्या शेतातली मोटर तिचा मालक गोंदियात बसून मिसकॉल देऊन चालू करायचा. त्यासाठी स्टार्टरच्या डब्यात मोडेम बसवलंय, हे राखणदार मनिरामनं बायको रुख्माला कधी सांगितलंच नाही. मिसकॉल आला की आधी डब्यावर ठेवलेला रेडिओ टर्र-टर्र करायचा, मग मोटर सुरू व्हायची. टर्र-टर्र ऐकताच मनिराम मोटरकडे बोट रोखून ओरडायचा, "हो चालू!"

मोटर घरघरली की रुख्माकडे वळायचा. "पाय, मोटर आयकते माहं. तूच नाही आयकत."

रुख्मा हात जोडायची, चहा आणून द्यायची. महिनाभर मनिरामचा नुसता थाट होता.

एका सकाळी मेकॅनिक तिलक आला. त्यानं मोडेमला पत्र्याची पेटी केली, अँटेना लांब वायरनं खांबावर चढवली. रेडिओ साफ वाजू लागला.

"कोनं बलावलं बे तुले?" मनिराम खवळला.

"काकूनं. म्हने, रेडिओतली टर्र-टर्र तेवढी बंद कर. मोटरचं काका पाहून घेतीन."

रुख्मा चहाचा कप हातात धरून समोरच उभी होती. ती म्हणाली,

"हं, म्हना मोटरले. चालू झाली का चहा देतो."