नवं मशीन बिघडलं

"परत तेच!" काका ओरडले आणि त्यांनी मशीनच्या कडेवर थाप मारली.

पडद्यावर भलताच आकडा. असायला हवा त्याच्या तिप्पट. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे आजही नमुने समोरच्या लॅबला?"

"मग काय करू? याच्यावर खोटे रिपोर्ट काढून लोकांच्या हातात ठेवू?"

लॅबची रीत जुनी होती. सकाळी पहिलं रक्त काकांचं. बोटाला सुई टोचायची, थेंब मशीनला द्यायचा, आकडा नेहमीसारखा आला तरच पेशंटचे नमुने लावायचे. मशीन पारखायला कंपनीचं औषध मिळायचं, पण लॅबच्या मालक मॅडमनी ते कधी मागवलंच नाही. "आमच्या काकांचं रक्त म्हणजे शिक्क्याचं वजन," असं त्या आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या. अलीकडे हे कौतुक बंद झालं होतं.

आधीच्या मशीननेही असाच हळूहळू आकडा चढवत नेला, म्हणून ते भंगारात घातलं. हे नवंकोरं आलं, तर ते त्याच्याही वरताण! काकांनी त्याच्यावर डूखच धरला होता.

आणि का धरू नये? नमुने बाहेर जायचे, रिपोर्ट उशिरा यायचे, पेशंट येऊन तोंडाला येईल ते बोलायचे. त्यांच्याशी हुज्जत घालून काकांच्या घशाला कोरड पडायची. दुपारपर्यंत अंगातलं बळच सरायचं. एकदा बसल्या बसल्या डोळा लागला आणि नेमक्या मॅडम आत आल्या. परवा तर दोन नळ्यांवरची नावं उलटसुलट चिकटवली गेली. अक्षरं पुसट दिसत होती. चष्मा नवा होता, म्हणून काकांनी चष्मेवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

घरी बायको म्हणाली, "त्या मेल्या मशीनने तुम्हाला पार वाळवलं हो. पँट कमरेवर राहत नाही. रात्रभर उठबस चाललेली असते. सोडा ती नोकरी."

"सोडू आणि काय करू? या वयात मला दुसरं कोण दारात उभं करणार?"



संध्याकाळी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "काका, उद्या कंपनीचा मेकॅनिक येतोय. मशीन खराब निघालं तर मी तुमची माफी मागेन. पण चांगलं निघालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"मॅडम, लॅब उघडली तेव्हापासून मी इथे आहे."

"म्हणून तर आधी सांगतेय."

काकांना रडू आवरेना. ते तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मेकॅनिक आला तो अगदी निवांत माणूस. पोट सुटलेलं, बोलणं सावकाश. त्याने मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं. बॅगेतून कंपनीची बाटली काढून त्यातला थेंब घातला. बाटलीवर छापलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच आला.

"चालतंय की," तो म्हणाला.

काका पुढे सरसावले. "पाण्याने काय कळतंय? रक्त घालून बघा ना!"

त्याने स्वतःचं बोट टोचलं. आकडा व्यवस्थित. काउंटरवरच्या बाईंनी डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. त्यांचाही व्यवस्थित.

 मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि काकांना ते फार लागलं. ते अंगावरच्या पांढऱ्या कोटाची बटणं काढू लागले. बोटं बधिर झाल्यासारखी, एक बटण काही केल्या निघेना.

"एकदा माझं घाला," ते अचानक म्हणाले. "जाता जाता तेवढं तरी बघू द्या. मी खोटं बोलत नव्हतो, एवढंच मला दाखवायचंय."

मेकॅनिकने खांदे उडवले आणि त्यांचं बोट हातात घेतलं. मशीन थोडा वेळ घरघरलं. आकडा आला.

तिप्पट. उलट थोडा जास्तच.

"बघा!" काका अक्षरशः उडाले. "बघा मॅडम, बघा! म्हणत नव्हतो मी? हे मशीनच चक्रम आहे! आता मागा माफी!" किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे. त्या खुर्चीत मटकन खाली बसल्या.

मेकॅनिक मात्र मशीनचं झाकण लावत सहज म्हणाला, "काका, शुगरची गोळी आज घ्यायची राहिली वाटतं?"