न झाडलेली गोळी

“आजोबा, साधं ‘कसा आहेस’ तरी विचारा ना त्याला!” राडका कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे अख्ख्या जंगलाला दवंडी.

आजोबांनी पावलं आणखी झपाझप टाकली. मागून आई, आणि तिच्या मागे अळंब्यांसाठी आणलेल्या दोन रिकाम्या टोपल्या सांभाळत डेटलेफ. सप्टेंबरात आई त्याच्याशी लग्न करणार होती. सुट्टीसाठी तो आजोबांच्या डोंगरातल्या घरी आला होता आणि आपल्या मोडक्यातोडक्या चेक भाषेने त्याने सगळ्यांना हसवून सोडलं होतं. आजोबा सोडून. जर्मन जावई आणलास तर मी लग्नाला येणार नाही, एवढंच ते बोलले होते. आणि आपले वडीलच नसतील तर लग्नच नको, असं आईने ठरवून टाकलं होतं.

चढ संपला आणि जुना बंकर लागला. शेवाळलेला, डोक्यावर बर्चचं झाड उगवलेलं. आजोबा थांबले.

“माझे वडील होते ह्यात. एकोणीसशे अडतीस साली.” ते जणू त्या भिंतीशीच बोलत होते. “बंदूक तुमच्या लोकांवर रोखून. मग प्रागहून आमच्याच सरकारचा हुकूम आला, सीमा जर्मनांना देऊन टाका. एक गोळी न झाडता उतरले खाली. मरेपर्यंत म्हणायचे, आम्ही नुसती बुजगावणी होतो.”

झालं! फिसकटलं लग्न! आईने राडकाचा हात घट्ट धरला.

डेटलेफने टोपल्या खाली ठेवल्या. “माझे आजोबा तेव्हा जर्मन फौजेत, त्या खालच्या उतारावर होते,” तो एकेक शब्द शोधत म्हणाला. “तुमचे लोक गेल्यावर ते ह्या बंकरमध्ये शिरले. ह्या बंदुकीच्या फटीतून खाली पाहिलं. म्हणायचे, इथून गोळी सुटली असती तर आमच्यातला एकही घरी परतला नसता. म्हातारपणीसुद्धा स्वप्नात ही फट दिसायची त्यांना.”

“घाबरले होते?” आजोबांनी विचारलं.

“चड्डी ओली झाली होती.”

आजोबांच्या मिशा थरथरल्या. ते बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले, आत कुणाला तरी निरोप पोचवत असल्यासारखे. मग त्यांनी एक टोपली उचलली आणि दुसरी डेटलेफच्या हातात कोंबली.

“चल रे. आणि तुम्ही दोघी इथेच बसा. मागे आलात तर याद राखा!”

दोघं झाडीत दिसेनासे झाले.

“आई, हे चालले कुठे?”

आई रडता रडता हसत होती. “आजोबांच्या अळंब्यांच्या जागेवर. तुझ्या आजीने जन्मभर विचारलं, पण तिलासुद्धा त्यांनी ती कधी दाखवली नाही.”