मधली खूण

“अजून एक पाऊल मागं घ्या बाई,” राधाकृष्ण म्हणाला.

तो खड्ड्याच्या तळाशी गुडघे टेकून बसला होता. कॅमेरा जवळजवळ जमिनीला लावलेला, मान खाली, डोळे कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत. त्या काचेत केशरबाई उभी होती. डोक्यावर पाटी, पाठीमागे सूर्य. चेहरा पार काळा आणि पाटीची कड तेवढी उजळलेली. खर्ड्याच्या बाजूच्या या दुष्काळी कामावर तो नगरहून पहिल्या एस.टी.नं आला होता तो असल्या एका फोटोसाठीच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हौस करायला रविवार तेवढा मिळतो.

केशरबाई उभी होती मातीच्या एका खांबावर. साळूबाईच्या टोळीनं आठवडाभर पाझर तलावाचा हा तुकडा खणला होता आणि मधे एवढी जागा न खणता सोडली होती. तिच्या माथ्यावर मूळचं वाळलेलं गवत तसंच होतं. मोजणीचा साहेब आला की या खांबाची उंची घेतो आणि तेवढं खोल खणलं असं धरून टोळीची मजुरी लावतो. आजूबाजूला बाकीच्या टोळ्यांनी खणून खणून जमिनीचा ठावठिकाणा ठेवला नव्हता. मूळची जमीन कुठवर होती हे सांगणारं एवढंच उरलं होतं. बायका त्याला खूण म्हणत.

सकाळपासून राधाकृष्णला ती खूण नडत होती. कॅमेरा कुठूनही धरला तरी ही आपली मधे हजर. तीन वेळा त्यानं जागा बदलली, तेव्हा कुठं ती चौकटीबाहेर गेली. मग ऊन कलल्यावर त्याला सुचलं, हिच्यावरच बाई उभी केली तर? पायाखालचं फोटोत येणारच नाही. बाई आभाळात उभी असल्यासारखी दिसेल.

“तिच्यावर कुनी चढत न्हाई,” साळूबाई म्हणाली होती.

“एकच मिनिट, मावशी.”

साळूबाईला पुढं बोलवेना. शहरातून आलेला पाहुणा, त्यात तिनं लांबून आणलेल्या कळशीतलं पाणी प्यालेला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

केशरबाईनं एक पाऊल मागं घेतलं. कड सुटली, अख्खी खूण भसकन खाली आली आणि तिच्याबरोबर केशरबाई आणि पाटीही.

राधाकृष्णनं आधी काय केलं, तर खटका वेळेवर दाबला गेला की नाही ते पाहिलं. दाबला गेला होता. मग तो केशरबाईकडे धावला. हा क्रम त्याचा त्यालाच कळला आणि त्याचे कान गरम झाले.

केशरबाईचं कोपर सोललं होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, ती ढिगाकडे बघत होती. दोघी-तिघी पुढं झाल्या आणि हातांनी माती वर रचायला लागल्या.

“ऱ्हाऊ द्या,” साळूबाई म्हणाली. “रचल्याली माती सायबाला कळती. उगं चोर ठरू.”

राधाकृष्णला कुणी काही बोललं नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बांधावर जीप थांबली. मोजणीचा साहेब फीत आणि वही घेऊन खाली उतरला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं.

“खूण कुठंय?”

“आत्ताच पडली, सायेब,” साळूबाई म्हणाली. “पर ह्या भाऊंच्या पेटीत हाय ती. सकाळधरनं फोटू काढत्यात.”

सात बायकांनी एकदम राधाकृष्णकडे पाहिलं. केशरबाई तर हसलीसुद्धा, सुटल्यासारखी.

रीळ संपलं होतं, बारा फोटो झाले होते. फावड्याच्या दांड्यावरचे हात. उडालेल्या धुळीतून आलेली तिरीप. पाटीच्या कडेला टेकलेला सूर्य. एकेक करून त्यानं सगळे आठवून पाहिले.

“फोटोत नाही ती,” तो म्हणाला. “मीच ती बाजूला ठेवली.”

“बाजूला का म्हून?” केशरबाईनं विचारलं.

ती मधे येत होती, हे तिला सांगायला त्याची जीभ रेटेना.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं वही उघडली. “ठीक आहे. तोंडी सांगा. तुम्ही तिऱ्हाईत, तुमचं म्हणणं लिहून घेतो. कुठपर्यंत होती ती? कमरेला? का छातीला?”

“सायेब, ती हुती—” साळूबाईनं तोंड उघडलं.

“तुम्ही नका सांगू. यांना सांगू द्या.”

राधाकृष्णनं हात उचलला. कमरेशी धरला, थोडा वर नेला, पुन्हा खाली आणला. खाली मान घालून तो ढिगाकडे पाहत राहिला. कॅमेऱ्याला पिवळी काच लावली तर फोटोत आभाळ किती गडद येतं, ते त्याला सांगता आलं असतं. केशरबाईच्या पाटीची कड कुठं तुटली होती, तेही सांगता आलं असतं. खूण त्याला आठवेना. लाजेनं त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. “मग कंबरच धरतो,” तो म्हणाला आणि त्यानं लिहिलं.

राधाकृष्णनं मान वर केली. साळूबाई समोरच उभी होती. त्याला दिसावा म्हणून तिनं आपल्या छातीशी हात आडवा धरला होता, कधीचा.

तिनं तो सावकाश खाली घेतला.

“सकाळधरनं बगत हुता न्हवं, भाऊ?”