सदतीस दाखवणारी पेटी

पेटीत ठेवलेला काचेचा थर्मामीटर तीस दाखवत होता आणि पेटीवरचे लाल आकडे सदतीस. सुलक्षणाने थर्मामीटर बदलून पाहिला. दुसराही तीसच म्हणाला.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी ही पेटी. शहाऐंशी साली मुलुंडच्या एका गाळ्यात अशा पेट्या बनायच्या. गाळ्याचा मालक चंद्रप्रकाश. पेटीच्या चिपमधला प्रोग्रॅमही त्यानेच लिहिलेला, आणि त्याचा तोरा तो रोज मिरवायचा. सुलक्षणा तिथे प्रोग्रॅमर म्हणून नुकतीच लागली होती. तिने प्रोग्रॅमचा कागद पसरला आणि ओळीओळीवर बोट ठेवत बसली.

चूक डबा खायच्या आधीच सापडली. सेन्सर तापमान दोन अक्षरांत पाठवायचा, सोळाच्या हिशेबाने. नऊपर्यंत साधे आकडे, मग दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. त्या अक्षराच्या कोडमधून, म्हणजे चिपमधल्या त्याच्या ठरलेल्या क्रमांकातून, अठ्ठेचाळीस वजा केले की किंमत मिळते. पण ए ते एफ असेल तर आणखी सात वजा करावे लागतात. ते सात या दिवट्याने वजाच केले नव्हते. तीस अंश म्हणजे एक आणि ई, म्हणजे सोळा अधिक चौदा. प्रोग्रॅमने ई चे चौदाऐवजी एकवीस धरले. सोळा आणि एकवीस, झाले सदतीस. तीसला पोचली की हवे ते सदतीस झाले असं समजून पेटी खूश व्हायची आणि हीटर बंद करून टाकायची.

आणि याच चुकीवर धंदा चालला होता. एसीच्या गारठ्यात गिऱ्हाइकापुढे पेटी लावली की आकडा पंचवीसवरून थेट तेहेतीसवर उडी मारायचा. चंद्रप्रकाश छाती फुगवून म्हणायचा, बघा, कशी झटपट तापते. गिऱ्हाईक मान डोलवायचं. एकाही शहाण्याने आत हात घालून पाहिला नव्हता.

ती केबिनमध्ये गेली तेव्हा चंद्रप्रकाश स्कूटरच्या किल्लीने कान कोरत होता. किल्लीवर आलेलं त्याने निरखून पाहिलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं.

"सर, पेटी तापतच नाही," सुलक्षणा म्हणाली. "घाटकोपरच्या नर्सिंग होममध्ये आपली पेटी आहे ना, ती आत्ता बंद करायला सांगा. आत बाळ असेल."

"आकडा किती दाखवते?"

"सदतीस. पण खरे तीसच आहेत."

"सदतीस दाखवते ना? मग सदतीस. आजवर एक तक्रार नाही आली."

"फक्त सात वजा करायचेत, सर. संध्याकाळपर्यंत नवी चिप देते."

"आणि लोकांना काय सांगू, आमचं चुकलं म्हणून?" त्याने किल्ली पुन्हा कानात घातली. "पुढच्या आठवड्यात सरकारी हॉस्पिटलांची माणसं पेटी बघायला येतायत. तोवर तोंड शिवून बस."

सुलक्षणा केबिनबाहेर आली. बाहेरच्या फोनच्या डायलला कुलूप, आणि त्याची किल्ली याच्याच खिशात. तिने पर्स उचलली. सोल्डरिंग करणारा दत्ताराम हळूच म्हणाला, "नोकरी जाईल हां तुझी."

"गेली खड्ड्यात," ती म्हणाली आणि रिक्षा पकडली. आग्रा रोडभर तिच्या डोळ्यांपुढे तो कान आणि ती किल्ली येत राहिली. शी! असल्या माणसाला आपण रोज गुड मॉर्निंग म्हणत होतो.

नर्सिंग होममध्ये एका खोलीत दोन पेट्या होत्या. एक त्यांची, नवीकोरी. दुसरी जुनी, परदेशी, रंग उडालेली. दोन्हींत बाळं होती. नव्या पेटीवर लाल सदतीस झळकत होते आणि बाजूच्या स्टुलावर बाळाची आई बसली होती. कमल तिचं नाव. सुलक्षणाने कुणाला न विचारता झडप उघडून हात आत घातला. बाळाचे तळवे गारठलेले होते, ओठ जांभळे पडले होते, आणि ते रडतही नव्हतं.

"ओ बाई, हात काढा," नर्स सुहासिनी धावत आली.

"मी पेटीच्या कंपनीतलीच आहे. पेटी खोटा आकडा दाखवते, सिस्टर. बाळाला बाहेर काढा."

सुहासिनीने बाळाचे पाय चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. "मला वाटलंच होतं. मागच्या आठवड्यात फोन केला होता मी. तुमचे साहेबच म्हणाले, मशीन चुकत नाही, तुमचा हात चुकतो."

सुलक्षणाने पेटीचं बटण बंद केलं. एक तक्रार नाही म्हणे!

बाळाला काढून कमलच्या उघड्या छातीशी धरलं, वरून दोन चादरी गुंडाळल्या. डॉक्टर आले, तपासलं, गरम पाण्याच्या पिशव्या मागवल्या. बऱ्याच वेळाने बाळाने अंग ताणलं आणि बारीक कुरकुर केली. मग चांगलं भोकाड पसरलं. सुहासिनीने डोळे पुसले. सुलक्षणा भिंतीला टेकून खालीच बसली.

कमल बाळाच्या टाळूवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती.

"ताई, तुमी त्या सायबांच्या कंपनीतल्या का?" तिने विचारलं. "कालपातुर माझं लेकरू त्या जुन्या पेटीत हुतं. काल सायब आले, म्हनले, माझ्या नातवाला जुनी चालंल, ह्या बाईच्या लेकराला नवी द्या. लई मोठ्या मनाचा मानूस, ताई."